शेवट माहीत असलेली बाई

रेवतीचं लग्न ठरवायला तिचे वडील थेट ब्रह्मदेवाकडे गेले. कुशस्थळीचा राजा ककुद्मी. लेक देखणी, गुणी, आणि पृथ्वीवरचा एकही मुलगा बापाच्या मनास येईना. मनात काही स्थळं योजून बापलेक ब्रह्मलोकी पोचले तेव्हा तिथं गाणं रंगलं होतं. मध्येच बोलायचं कसं, म्हणून गाणं संपेपर्यंत थांबले. मग राजाने स्थळं पुढे केली, तर ब्रह्मदेव हसला. म्हणाला, तुम्ही इथं टेकलात तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. ती मुलं, त्यांची नातवंडं, त्यांची गोत्रं, काही उरलं नाही. आता परत जा, द्वारकेत बलराम आहे, त्याला मुलगी दे. बापलेक परतले तर माणसं खुजी झालेली आणि रेवती त्यांच्यात ताडमाड. बलरामाने नांगराचा फाळ लावून तिला आपल्या बेताची केली, आणि लग्न लागलं.

ही गोष्ट भागवतात येते, विष्णुपुराणातही येते. नांगराचा तपशील विष्णुपुराणातला. ऐकणाऱ्याला गंमत वाटते ती गाण्याची आणि उंचीची. रेवतीला काय वाटलं, हे पुराण सांगत नाही. ज्या सख्यांचा निरोप घेऊन ती निघाली त्यांची नावंही आता कुणाला ठाऊक नव्हती. ज्या जगात ती उतरली त्या जगाला ती मावेना, म्हणून तिला कमी करण्यात आलं. नवरा चांगला मिळाला, मान्य. पण लग्नानंतर एखाद्या संध्याकाळी तिनं बलरामाला आपल्या वेळच्या नद्यांबद्दल सांगितलं असेल का, आणि त्याला ते खरं वाटलं असेल का? कालप्रवासाची ऐतिहासिक प्रेमकथा हा कादंबऱ्यांचा आणि मालिकांचा जो प्रकार गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर फोफावला, तो नेमका या प्रश्नापासून सुरू होतो. हे पुस्तक त्या प्रकाराबद्दल आहे. आणि ते नंदुरबार जिल्ह्यात बसून लिहिलेलं असल्यामुळे उदाहरणं अधूनमधून तापीकाठची येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

साचा साधा आहे. आजचं एक माणूस, बहुतेक वेळा बाई, काहीतरी होऊन मागच्या शतकात पडतं. काय होऊन, याला फारसं महत्त्व नसतं. उभे दगड, सूर्यग्रहण, मोटारीचा अपघात, बुडता बुडता वाचणं, काहीही चालतं. आणि जो लेखक यंत्राची रचना समजावण्यात चाळीस पानं घालवतो त्याची कादंबरी बहुधा तिथंच बसते. महत्त्व आहे ते पडल्यानंतरच्या पहिल्या तासाला. कपडे चुकीचे, बोली चुकीची, केस उघडे, आणि समोर तलवार घेतलेला माणूस विचारतोय, तू कुणाची? ओळख पटवणं ही कालप्रवाशाची पहिली अडचण. आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. त्या टेंभलीची मुलगी चारशे वर्षं मागे गेली तर तिचे बारा आकडे तिथं कुणाला दाखवणार?

डायना गॅबल्डन यांची 'आउटलँडर' ही कादंबरी १९९१ साली आली आणि या प्रकाराचा नमुना होऊन बसली. क्लेअर ही दुसऱ्या महायुद्धात काम केलेली परिचारिका. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला फिरायला जाते, दगडांच्या एका वर्तुळात हात लावते आणि १७४३ मध्ये पडते. तिथं तिला जेमी भेटतो. गॅबल्डन व्यवसायाने वैज्ञानिक, पहिली कादंबरी लिहिली तेव्हा त्यांनी स्कॉटलंड पाहिलेलंही नव्हतं. ग्रंथालयाच्या जोरावर लिहिलं. २०१४ मध्ये त्यावर मालिका सुरू झाली आणि मग स्कॉटलंडचे किल्ले पाहायला जगभरचे लोक जाऊ लागले. पण किल्ले, घागरे आणि देखणा नायक एवढ्यावर ही गोष्ट चाललेली नाही. क्लेअरला ठाऊक आहे की १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर हे सगळे डोंगरी लोक इंग्रजांपुढे चिरडले जाणार आहेत. ज्याच्याबरोबर ती जेवते, भांडते, निजते, तो त्या माळावर जाणार आहे. ते टाळण्यासाठी ती दोघं जिवाचं रान करतात, आणि कलोडन व्हायचं ते होतंच.

इथं या प्रकाराचं सुख दडलेलं आहे, असं मला वाटतं. साध्या ऐतिहासिक कादंबरीत शेवट वाचकाला माहीत असतो आणि पात्रांना नसतो. इथं वाचकाचं ते माहीत असणं गोष्टीच्या आत शिरतं आणि त्याला हातपाय फुटतात. ते प्रेमात पडतं, त्याला जखमा होतात. मराठी माणसाला ही चव नवी नाही. कीर्तनाला बसलेल्या कुणाला सीतेचं पुढे काय होणार हे माहीत नसतं? तरी उत्तररंगात बायका डोळ्यांना पदर लावतात. फरक एवढाच की कीर्तनात उठून उभं राहून, अहो, तिला रथात बसवू नका, असं सांगायची सोय नाही. कालप्रवासाची कथा ती सोय देते, आणि मग सांगूनही काही उपयोग का होत नाही ते दाखवते.

सन १८९५ हे या विषयात मोठं गमतीचं वर्ष आहे. एच. जी. वेल्सचं 'द टाइम मशीन' त्या वर्षी आलं आणि काळातून जायला यंत्र मिळालं. हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' त्याच सुमारास 'करमणूक'मधून छापली जाऊ लागली आणि मराठी वाचक शिवकाळात रमू लागला. आणि त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकुरांनी 'क्षुधित पाषाण' लिहिली. निजामाच्या राज्यात कापसावरचा कर गोळा करणारा एक अधिकारी नदीकाठच्या ओसाड महालात राहायला जातो. दिवसा तो इंग्रजी पोशाखातला सरकारी नोकर. रात्र झाली की अडीचशे वर्षांपूर्वीचा महाल जागा होतो आणि न दिसणाऱ्या एका स्त्रीसाठी तो झुरू लागतो. आपल्या देशात या प्रकाराचं मूळ शोधायचं तर ते इथं आहे. यंत्र नाही, दगडांचं वर्तुळ नाही. दिवस आणि रात्र एवढीच ये-जा. कापसाच्या पट्ट्यात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्यांना तर तो कर गोळा करणारा फारच ओळखीचा वाटतो. या कथेचा आधार घेऊन गुलजारांनी 'लेकिन' केला; त्याची निर्मिती लता मंगेशकरांची आणि संगीत हृदयनाथांचं. म्हणजे या वाटेवर मराठी हात लागला होता. पण तो सुरांचा. मराठी लेखणी या वाटेला फारशी गेली नाही.

तिनं काळाशी खेळ केला, पण प्रेम बाजूला ठेवून. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पुष्कळांनी वाचली आहे. तिचं इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेलं, त्यामुळे मराठी न वाचणाऱ्या मुलांनाही ती ठाऊक आहे. इतिहासाचे प्राध्यापक असलेले पंत अपघातानंतर अशा जगात पोचतात जिथं विश्वासरावांना लागायची ती गोळी चुकली आणि १७६१ चं पानिपत मराठ्यांनी जिंकलं. कथा अप्रतिम आहे. पण पंत तिथं जाऊन काय करतात? ग्रंथालयात बसून इतिहासाचे खंड चाळतात. अस्सल मराठी कालप्रवासी! पेशव्यांचं जिंकलेलं जग समोर पसरलेलं असताना हा गृहस्थ संदर्भ तपासतो. नारळीकरांचा भर विज्ञानावर होता आणि तो योग्यच होता. पण पानिपत आणि कलोडन यांच्यात अवघ्या पंधरा वर्षांचं अंतर आहे, दोन्हीकडे एकेक पिढी कापली गेली, आणि एकाच्या वाट्याला प्राध्यापक आला, दुसऱ्याच्या वाट्याला परिचारिका. त्या परिचारिकेची मला नेहमी असूया वाटते.

ती असूया थेऊरला नेऊन पाहू. माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरच्या वाड्यात क्षयाने गेले. वय सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. रणजित देसाईंच्या 'स्वामी'ने १९६२ मध्ये ही गोष्ट घराघरात नेली, पुढे दूरदर्शनवर मालिका झाली, आणि मराठी मध्यमवर्गाने आपलं दांपत्यप्रेमाचं चित्र या दोघांवरून काढलं म्हटलं तरी चालेल. आता कल्पना करा की आमच्या अक्कलकुव्याकडची एक आशाताई, पाड्यापाड्यावर क्षयाच्या गोळ्या पोचवणारी, त्या वाड्यात पडते. तिच्या पिशवीत सहा महिन्यांचा कोर्स आहे. क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसीन, सापडायला १९४३ उजाडणार आहे. तिच्याजवळ त्याच्याही पुढचं आहे. ती काय करील? खोकला ऐकताक्षणी तिला रोग कळेल. बेडका तपासायची सोय नाही, तरी ती गोळ्या द्यायला जाईल. पण तिला वाड्यात घेणार कोण? तिच्या हातचं पाणी पेशवे पिणार? वैद्य, ज्योतिषी, कारभारी, सगळे आडवे येतील. आणि समजा, घेतल्या गोळ्या. महिन्याभरात ताप उतरतो, भूक लागते, आणि बरं वाटलं की रोगी औषध सोडतो. हे तिनं शेकडो घरांत पाहिलंय. श्रीमंतांना समोर बसवून रोज गोळी गिळायला लावणं, हा एवढा एकच प्रसंग अख्खी मालिका तोलून धरील.

आणि रमाबाई? माधवराव जगले तर प्रश्न मिटला. नाही जगले तर त्या चितेकडे निघतील तेव्हा ही बाई गप्प उभी राहील का? 'स्वामी'च्या वाचकांनी त्या प्रसंगावर अश्रू ढाळले आहेत, हात जोडले आहेत. आजची बाई त्या गर्दीत उभी केली की हात जोडून भागत नाही. तिला काहीतरी बोलावंच लागतं, आणि तिनं तोंड उघडलं की आपली सगळी ऐतिहासिक कादंबरी अडचणीत येते. हा प्रकार मराठीत रुजला नाही, त्याचं खरं कारण मला इथं दिसतं. आपल्याला इतिहासात जायला आवडतं, पण चपला बाहेर काढून. कालप्रवासिनी चपला घालून आत येते आणि वर विचारते, इथं मोरी कुठं आहे?

थोरांच्या घरात तिला शिरू द्यायचं नसेल, तर दुसरी वाट आहे. गॅबल्डननीही कलोडनला लढलेल्या डोंगरी लोकांचा पुढारी राजपुत्र चार्ली खरा ठेवला आणि जेमी मनाने रचला. नायक अनाम माणसांतून घ्यावा. आणि त्यासाठी आमच्या जिल्ह्याइतकी जागा दुसरीकडे कुठं मिळेल?

सुरतेहून बऱ्हाणपूरला आणि तिथून आग्र्याला जाणारी मोगलाईतली मोठी वाट नवापूर-नंदुरबारवरून जायची. अकबराच्या काळात नंदुरबार हे माळवा सुभ्यातलं एक सरकार होतं. झां बातिस्त ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने नवापूरच्या तांदळाची अशी तारीफ करून ठेवली आहे की वाचताना भूक लागावी: दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजला की बर्फासारखा पांढरा, आणि वास कस्तुरीचा, इराणात भेट म्हणून याची गोणी नेत. शहाद्याजवळचं सुलतानपूर एके काळी भरलेलं शहर होतं. यशवंतराव होळकरांच्या धामधुमीत आणि १८०३-०४ च्या दुष्काळात ते उजाड झालं. आज तिथं फिरताना पायाखाली पडकी जोती येतात. स्कॉटलंडचे दगड ज्यांना परवडत नाहीत त्यांनी इथं यावं.

प्रेमकथाही आहेत. अल्लाउद्दीन खिलजीने १२९९ मध्ये गुजरात घेतला तेव्हा राजा कर्ण वाघेला पळाला आणि पुढे देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने बागलाणात, म्हणजे आमच्या दक्षिणेच्या शेजारी, राहिला. त्याची मुलगी देवलदेवी. यादव राजपुत्राशी लग्न करायला तिला देवगिरीकडे नेत असताना खिलजीच्या सैन्यातले काही शिपाई वेरूळची लेणी बघायला म्हणून गेले, वाटेत गाठ पडली, लढाई झाली, आणि मुलगी हाती लागली. इतिहासकार फिरिश्ताने सांगितलेली ही हकीगत आहे. लेणी बघण्याच्या हौसेने एका मुलीचं आयुष्य फिरलं! तिला दिल्लीला नेलं आणि सुलतानाचा मुलगा खिज्रखान याच्याशी तिचं लग्न झालं. अमीर खुसरोने त्या दोघांच्या प्रेमावर मसनवी लिहिली. साडेपाचशे वर्षांनी, १८६६ मध्ये, सुरतेच्या नंदशंकर मेहतांनी 'करण घेलो' ही गुजरातीतली पहिली स्वतंत्र कादंबरी लिहिली आणि देवलदेवीचं प्रेम यादव राजपुत्रावर ठेवलं. मुलगी एक, प्रियकर दोन. ज्या बाजूचा लेखक त्या बाजूचा प्रियकर. काही इतिहासकार ही सगळी कथाच कल्पित मानतात. ते बरोबर असतील तर मग देवलदेवी अगदी रेवतीच्या रांगेला जाऊन बसते, कारण दोघींनाही कुणी काही विचारलेलं नाही. वेरूळच्या वाटेवरच्या त्या मेण्यात आजची एखादी मुलगी शेजारी बसवून द्या. पहिला प्रश्न तीच विचारील, तुला कोण आवडतो ग?

आणि १६३०. या एका वर्षावर दहा कादंबऱ्या होतील. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पाऊस दडी मारून बसला. गुजरात आणि दख्खन मिळून पुढची दोन वर्षं असा दुष्काळ पडला की माणसं रस्त्यावर मरून पडू लागली. इंग्रज कंपनीचा नोकर पीटर मंडी नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून निघाला तो याच, आमच्या वाटेने. त्याच्या रोजनिशीतल्या त्या पानांवर प्रेतंच प्रेतं आहेत. देहूला तुकोबांची पहिली बायको याच दुष्काळात अन्नावाचून गेली. आणि १७ जून १६३१ रोजी, याच वाटेच्या पुढच्या टोकाला बऱ्हाणपुरात, मुमताज महल बाळंतपणात वारली. जगातली सगळ्यात प्रसिद्ध प्रेमकथा आणि हा दुष्काळ एकाच रस्त्यावर आहेत. ताजमहालाचं प्रेम आपल्याला तोंडपाठ; देहूच्या त्या बाईचा संसार तुकोबांच्या गाथेत ओळीभर येतो. ऐतिहासिक प्रेमकथा नेहमी दिवाणखान्यात का घडते, हा प्रश्न मंडीची रोजनिशी वाचल्यावर पाठ सोडत नाही.

भूतकाळ सगळ्यांना सारखा गोड नसतो, हे ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेने १९७९ मध्येच 'किंड्रेड'मध्ये सांगून टाकलं होतं. तिची डेना १९७६ च्या कॅलिफोर्नियातून गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. गोरा नवरा बरोबर गेला तर तो तिथं पाहुणा, ही गुलाम. ज्या गोऱ्या मालकाचा जीव तिला वारंवार वाचवावा लागतो तो तिचाच पूर्वज; तो मेला तर ही जन्मालाच येणार नाही. शेवटी ती परत येते तेव्हा तिचा एक हात मागच्या शतकात राहिलेला असतो. 'आउटलँडर' आवडलेल्या प्रत्येकाने त्यानंतर लगेच हे वाचावं, असा माझा हट्ट आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. पेशवाईच्या अखेरीस खानदेशात भिल्लांच्या कत्तली झाल्या, त्याच्या नोंदी गॅझेटियरमध्ये सापडतात. धडगावची पावरा किंवा मोलगीची वसावे मुलगी मागे गेली तर तिच्यासाठी पेशव्यांचा वाडा काय आणि इंग्रजांचं ठाणं काय, दोन्हीकडे ती चोर ठरण्याचा संभव. तिला आवडीने जावंसं वाटेल ते वेगळ्याच काळात. काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल वाजतात, बावा आणि बुध्या नाचतात, आणि याहामोगी, राजापांठा, गांडा ठाकूर यांच्या कथा अजून गायल्या जातात. तिथला राजा तिचा आहे. सातपुड्यातली कालप्रवासी प्रेमकथा कुणी लिहिली तर ती त्या गाण्यांतून जाईल, बखरींतून जाणार नाही.

पूर्वेकडे या प्रकाराने निराळं वळण घेतलं. चीनमध्ये तोंग ह्वा यांच्या कादंबरीवर २०११ मध्ये 'बूबू जिंगशिन' ही मालिका झाली. आजची एक नोकरदार मुलगी अठराव्या शतकाच्या आरंभी कांगशी बादशहाच्या दरबारात पडते. बादशहाच्या मुलांत गादीसाठी चुरस आहे, आणि चौथा राजपुत्र जिंकणार हे तिला शाळेतल्या इतिहासामुळे पाठ आहे. ती आठव्याला सावध करते. त्या सावध करण्यातूनच पुढचा अनर्थ पेटतो. एवढं बेतीव दुःख मी फार थोड्या मालिकांत पाहिलं आहे. क्लेअर निदान झगडते. ही मुलगी हळूहळू गप्प होत जाते. त्याच सुमारास चिनी प्रसारण खात्याने कालप्रवासाच्या मालिका इतिहासाशी पोरखेळ करतात म्हणून नाराजी दाखवली, ती बातमी वाचून मला आपल्याकडचे कितीतरी चेहरे आठवले. कोरियनांनी २०१६ मध्ये हीच कथा गोर्यो राजवटीत नेली, सूर्यग्रहणाच्या वाटेने. कोरियन मालिका हिंदीत भाषांतरित होऊन मोबाईलवर येतात आणि आमच्या शहाद्या-तळोद्याच्या मुली त्या पाहतात. कुठल्या राजाने कुठल्या भावाला मारलं हे त्यांना पेशव्यांच्या वंशावळीपेक्षा नीट सांगता येतं. यात तक्रार करण्यासारखं मला काही दिसत नाही. राजवाड्यात अडकलेली आजची मुलगी त्यांना तिथं भेटते, इथं अजून भेटलेली नाही, एवढंच.

इथं भेटली असती, कारण परक्या जगात रमलेल्या माणसाची गोष्ट आमच्या डोंगरातच आहे. तोरणमाळला मच्छिंद्रनाथांची गुहा दाखवतात. नवनाथांच्या कथेत मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जाऊन राणीपाशी राहतात, संसार थाटतात, मूल होतं, आणि आपण कोण हे जणू विसरतात. गोरख वेष पालटून जातो, मृदंगातून हाक घालतो, आणि गुरूला परत आणतो. 'प्रभात'ने १९३२ मध्ये यावर 'माया मच्छिंद्र' काढला होता. 'आउटलँडर'चाही पेच हाच आहे: दोन जगं, दोन संसार, आणि मागून येणारी हाक. फरक सहानुभूतीचा. आपली कथा गोरखाच्या बाजूने उभी राहते, परत येणं हाच मोक्ष. गॅबल्डनची क्लेअर परत येते, वीस वर्षं विसाव्या शतकात काढते, मुलगी वाढवते, आणि पुन्हा दगडांकडे जाते. नवनाथांत त्या मागे राहिलेल्या राणीला कुणी विचारत नाही. तोरणमाळच्या गुहेत दिवा लावणाऱ्यांनाही ती सहसा आठवत नाही.

पुढच्या प्रकरणांत इंग्रजी, चिनी, कोरियन आणि भारतीय अशा निवडक कादंबऱ्या-मालिकांकडे सविस्तर पाहिलं आहे. गोष्टींचे शेवट मी लपवलेले नाहीत. ज्या प्रकारात नायिकेलाच शेवट माहीत असतो तिथं वाचकापासून तो लपवण्यात काय हशील? कमअस्सल मालही पुष्कळ आहे, जिथं नायिका मागे जाते ती केवळ घागरा नेसायला आणि राजपुत्राला पिझ्झा शिकवायला. अशांचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकला आहे.

एक कादंबरी मात्र या पुस्तकात नाही, कारण ती अजून कुणी लिहिलेली नाही. तिचा नायक मी मनाशी ठरवून ठेवला आहे. तो लमाण आहे. पीटर मंडीला पुढच्या प्रवासात चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला, सगळ्यांच्या पाठीवर धान्य. त्या काळचा देश या बैलांच्या पाठीवर जेवत होता. १६३० च्या हिवाळ्यात असा एक तांडा नंदुरबारच्या वेशीबाहेर उतरला आहे, धान्य आहे पण ते बऱ्हाणपूरच्या छावणीसाठी बोललेलं आहे, आणि वेशीत माणसं मरताहेत. नवापूरची एक मुलगी तिथं येऊन पडते. भाषेचं काय? आजीची मावची तिला थोडी येते, गुजराती घरात ऐकलेली आहे, मराठी शाळेची. त्याची गोरमाटी तिला येत नाही. पहिले काही दिवस नुसते हातवारे. मग ती त्याला सांगू शकते की हा दुष्काळ संपणार आहे, दोन पावसाळ्यांनी. हे ऐकून तो धान्य वाटेल की आणखी चढ्या भावाची वाट पाहील, तिथं प्रेमकथेची पहिली परीक्षा. दुसरी परीक्षा पुढे आहे. विसाव्या शतकाच्या तोंडाशी तापीच्या खोऱ्यातून, जवळपास त्याच जुन्या वाटेने, सुरत-भुसावळ रेल्वे येणार आहे. रुळांनी देशभर लमाणांच्या बैलांचं काम काढून घेतलं. आणि ही मुलगी त्याच गाडीने रोज नवापूरहून नंदुरबारला कॉलेजात जाते, पास काढून. हे त्याला सांगायचं की नाही, यावर किमान तीन प्रकरणं सहज निघतील.